संगणक सुरू होत नाही तेव्हा

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. आमच्या परिचयातील एका धान्य व्यापाऱ्यांनी अठ्ठाईची तपस्या पूर्ण केली, पारणे आटोपले आणि आठ दिवस बंद असलेली पेढी उघडली. संगणकाचे बटण दाबले, तर दिवा लागेना, पंख्याचा आवाजही येईना. तारीख होती १९ आणि जीएसटीआर-३बी हे मासिक विवरणपत्र भरण्याची मुदत २०. मुदत टळली तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज.

शेठजींचा पहिला संशय गेला तो दुकानातील मुलावर. "शेवटच्या दिवशी बंद करायला तूच होतास. काय करून ठेवलेस?"

"शेठजी, मेन स्विच तेवढा बंद केला. तुम्हीच सांगितले होते."

त्याचे म्हणणे कोणी ऐकून घेतले नाही. दुरुस्ती करणाऱ्याने यंत्र न पाहताच फोनवर "मदरबोर्ड गेला असेल" असा निर्णय दिला. बँकेत असताना शाखेच्या संगणकीकरणाचे काम मी पाहिले असल्याने मला बोलावणे आले.

अशा वेळी एकच नियम पाळावा. तपासणी भिंतीपासून सुरू करून यंत्राकडे जावे, यंत्रापासून भिंतीकडे नव्हे. बँकेत रोकड जुळली नाही की आम्ही प्रथम बेरीज तपासत असू, रोखपालावर संशय घेत नसू. येथेही तोच न्याय.

प्रथम भिंतीवरील सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर किंवा टेबल लॅम्प लावून वीज येते की नाही ते पाहावे. मग एक्स्टेंशन बोर्ड आणि यूपीएस बाजूला ठेवून कॅबिनेटची वायर थेट भिंतीवर लावावी. तरीही यंत्र जागे झाले नाही, तर वायरची दोन्ही टोके घट्ट बसवावीत. बहुतेक मॉनिटरची वीजवायर कॅबिनेटच्या वायरसारखीच असते. ती अदलाबदल करून पाहिली की वायरचा दोष लगेच कळतो. कॅबिनेटच्या मागे, जेथे वायर बसते तेथे, बहुधा एक छोटा स्विच असतो. त्यावर शून्य आणि उभी रेष अशा खुणा असतात. केर काढताना धक्का लागून तो शून्याकडे गेलेला मी अनेकदा पाहिला आहे.

एवढे करूनही उपयोग झाला नाही, तर मुख्य वायर, प्रिंटर, पेन ड्राइव्ह असे सर्व काढावे. पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, म्हणजे आत साठलेला विद्युतभार निघून जातो. नंतर केवळ मुख्य वायर, मॉनिटर आणि कीबोर्ड जोडून पुन्हा प्रयत्न करावा. पंखा फिरतो पण पडदा काळाच राहतो, हा वेगळा आजार आहे. त्यात मॉनिटरची केबल किंवा रॅम सैल झाली असण्याचा संभव अधिक. पंखाच फिरत नसेल, तर एसएमपीएस म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा, मदरबोर्ड किंवा पुढचे बटण यांपैकी काहीतरी बिघडलेले असते.

येथे आपण थांबावे. एसएमपीएसचा डबा घरी कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार राहू शकतो. जळका वास आला तर मेन स्विच बंद करून जाणकारास बोलवावे. पावसाळ्यात कॅबिनेटमध्ये मुंग्या आणि कोळी आसरा घेतात. म्हणून स्वच्छतेच्या वेळी ब्लोअरचा झोत सोडण्यापूर्वी मऊ ब्रशने जीव हळुवार बाजूला करावेत. जयणा येथेही पाळता येते.

व्यापाऱ्याची खरी चिंता यंत्राची नसते, हिशेबाची असते. तिच्याविषयी निश्चिंत असावे. हिशेब हार्ड डिस्कवर असतो आणि वीजपुरवठा बिघडला म्हणून ती डिस्क सहसा बिघडत नाही. ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की खाती वाचता येतात. दुरुस्तीला देताना "डिस्क फॉरमॅट करू नये" असे पावतीवर लिहून घ्यावे. मात्र डिस्कही कधीतरी संपतेच. जीएसटी कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात. म्हणून रोज पेढी बंद करताना बॅकअप घ्यावा आणि त्याची एक प्रत घरी ठेवावी. तो उघडतो की नाही, हे दर पक्खीला एकदा तपासावे.

आता त्या सकाळचे सांगतो. यूपीएस बाजूला करून मी वायर थेट भिंतीवर लावली आणि संगणक सुरू झाला. यूपीएसची १२ व्होल्टची बॅटरी चार वर्षांची होती. मेन स्विच बंद झाला, पण यूपीएसचे स्वतःचे बटण चालूच राहिले. बॅटरी पूर्ण उतरली, आठ दिवस तशीच पडून राहिली आणि वयामुळे पुन्हा उभी राहिली नाही. काही यूपीएस अशा वेळी वीज असूनही सुरू होत नाहीत. ते बटणही बंद करायचे असते, हे त्या मुलाला कोणी सांगितलेच नव्हते.

मी एवढे बोललो आणि पेढीत शांतता पसरली. आदल्याच सायंकाळी प्रतिक्रमणात शेठजींनी चौऱ्यांशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागितली होती. ते गल्ल्यावरून उठले, मुलासमोर गेले आणि हात जोडून म्हणाले, "मिच्छामि दुक्कडम्. काल सर्वांना म्हटले, तुला म्हणायचे राहिले होते."

मुलगा गोंधळला, हसला आणि चहा सांगायला निघून गेला. विवरणपत्र त्याच दुपारी भरले गेले. नवी बॅटरी दुसऱ्या दिवशी आली आणि ती बसवताना कोणते बटण केव्हा बंद करायचे, हे शेठजींनी त्याला स्वतः दाखवले.