सात की साठ?

इ. स. १८५८ च्या एप्रिल महिन्यातील गोष्ट. चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिणेकडील अरण्यात बाबूराव शेडमाके व व्यंकटराव या गोंड जमीनदारांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला होता. प्राणहिता नदीच्या काठी चिंचगुडी येथे इंग्रजांच्या तारखात्यातील काही माणसांचा तळ होता. २९ एप्रिल रोजी त्यावर हल्ला झाला. गार्टलंड व हॉल हे दोघे मारले गेले. त्यांचा सोबती पीटर तेवढा निसटला व त्याने कॅप्टन क्रिकटन या अधिकाऱ्यास गाठले. विजेच्या वेगाने निरोप पोहोचविणे हे ज्यांचे काम, त्यांच्यावरील संकटाची वार्ता जीव वाचवून पळालेल्या एका माणसाबरोबर आली!

तार जेथे पोहोचली होती तेथेही ती माणसाच्या बोटांवर व कानांवर अवलंबून असे. मोर्सच्या लिपीत एक ठिपका म्हणजे इंग्रजी ‘ई’, दोन ठिपके म्हणजे ‘आय’. रात्रभर जागलेल्या तारबाबूचे बोट एकदा अधिक पडले, की शब्द बदललाच.

भारतातील तारसेवा २०१३ साली बंद झाली. १९८२ साली चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याच्या जंगलात आता पोलिसांच्या तुकड्या बिनतारी यंत्रावर बोलतात. या यंत्रांच्या लहरी बहुधा सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की त्या अडतात. पावसाने भिजलेल्या दाट झाडीत त्यांचा जोर ओसरतो. म्हणून उंच टेकडीवर दुसरे यंत्र बसवितात. ते क्षीण झालेला संदेश पकडून पुन्हा जोराने पुढे पाठविते. यंत्राची उणीव अशी यंत्राने भरून काढता येते. कानाचे काय?

समजा, भामरागडच्या डोंगरातून एका तुकडीने कळविले, “समोर सात माणसे.” घरघरीत शेवटचे अक्षर बुडाले आणि ठाण्यावर ऐकू आले, “साठ.” सातांसाठी धाडावयाची कुमक निराळी, साठांसाठी निराळी. ती माणसे सशस्त्र आहेत की बाजाराला निघालेले गावकरी, एवढा एकच शब्द गळला तर अनर्थच व्हावयाचा. त्यातून या मुलखात मराठी, गोंडी, माडिया, तेलुगू अशा कितीतरी भाषा नांदतात.

म्हणून सैन्यात व पोलिसांत संख्या सुटे आकडे करून सांगण्याची रीत आहे. साठ म्हणावयाचे नाही, “सहा, शून्य” म्हणावयाचे. ऐकणाऱ्याने संदेश शब्दशः परत म्हणून दाखवावयाचा असतो. या रीतीतही एक खोच आहे. थकलेला माणूस पुष्कळदा कानांवर पडलेले ऐकत नाही, मनात धरलेले ऐकतो. सकाळपासून मोठ्या टोळीची वाट पाहिली असेल, तर साताचे साठ व्हावयास घरघरही लागत नाही. त्याने चुकीचे परत म्हटले, तर ते सांगणाऱ्याने लक्ष देऊन ऐकावयास हवे. आणि त्याचे लक्ष तर त्या वेळी समोरच्या झाडीकडे लागलेले असते.