सेवा-यंत्रमानवांचा स्वीकार व अव्हेर : जपानमधील दोन उदाहरणे

कारखान्यातील यंत्रमानव व सेवाव्यवसायातील यंत्रमानव यांत एक मूलभूत भेद आहे. पहिल्याच्या भोवतालची परिस्थिती मालकाला हवी तशी बेतता येते. दुसऱ्याला मात्र अपरिचित ग्राहकांच्या वर्दळीत काम करावे लागते. म्हणून एखादी व्यवसायसंस्था असा यंत्रमानव का स्वीकारते अथवा का अव्हेरते, याचा उलगडा केवळ यंत्राची किंमत व मजुरीचा दर यांच्या तुलनेने होत नाही.

याबाबत सामान्यतः मनुष्यबळाच्या टंचाईचे कारण पुढे करण्यात येते. ते निराधार नाही. जपानमध्ये १५ ते ६४ या वयोगटातील लोकसंख्या १९९५ साली सुमारे ८ कोटी ७० लक्ष होती. २०२३ पर्यंत ती सुमारे ७ कोटी ४० लक्षांवर आली. परंतु त्याच देशातील, त्याच टंचाईच्या काळातील दोन प्रयोगांचे फळ परस्परविरुद्ध दिसते.

नागासाकी प्रांतातील सासेबो येथे जुलै २०१५ मध्ये ‘हेन्ना हॉटेल’ सुरू झाले. तेथील यंत्रमानवांची संख्या पुढे २४३ पर्यंत गेली. मात्र त्यांपैकी निम्म्याहून अधिक काढून टाकल्याचे वृत्त जानेवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वागतकक्षातील यंत्रांना परदेशी पाहुण्यांच्या पारपत्राची प्रत काढता येत नसे. ते काम कर्मचाऱ्यांनाच करावे लागे. सामान वाहणारी यंत्रे शंभराहून अधिक खोल्यांपैकी सुमारे २४ खोल्यांपर्यंतच पोहोचत. खोलीतील बोलकी बाहुली घोरण्याचा आवाज हा प्रश्न समजून निजलेल्या पाहुण्यास जागे करी.

याउलट, उपाहारगृहांची मोठी साखळी चालविणाऱ्या ‘स्कायलार्क’ या संस्थेने २०२१ पासून मांजराच्या चेहऱ्याची वाढपी यंत्रे आणण्यास प्रारंभ केला. २०२२ च्या अखेरीस सुमारे २,१०० उपाहारगृहांत अशी सुमारे ३,००० यंत्रे होती. या यंत्राकडून अपेक्षा अल्पच आहे. कर्मचाऱ्याने त्यावर ताटल्या ठेवावयाच्या, त्याने सपाट जमिनीवरून ठरलेल्या मेजापर्यंत जावयाचे आणि ग्राहकाने पदार्थ स्वहस्ते उचलून घ्यावयाचे.

या दोहोंतील भेद यंत्राच्या बुद्धिमत्तेत नसून कामाच्या विभागणीत आहे. कोणतेही यंत्र काम संपूर्णपणे नाहीसे करीत नाही. काही अंश मागे उरतोच. ताटल्या वाहून नेण्याचे काम इतर सेवेपासून सहज वेगळे काढता येते आणि उरलेला अंश ग्राहक व कर्मचारी यांच्यात हलकेपणाने वाटला जातो. पाहुण्याचे स्वागत मात्र असे तोडून काढता येत नाही. तेथे उरणारा अंश अनिश्चित व अवेळी उद्भवणारा असतो आणि तो निस्तरण्यास माणूस सदैव सिद्ध ठेवावा लागतो. मग मजुरीतील बचत कागदावरच राहते. नावीन्याच्या आकर्षणाने ग्राहक एकदा येतो. गैरसोय सोसून तो पुनःपुन्हा येईलच, असे नाही.

यावरून कर्मचाऱ्यांच्या विरोधाकडेही वेगळ्या दृष्टीने पाहणे प्राप्त होते. तो नोकरी गमावण्याच्या भीतीतून उद्भवू शकतो, हे खरे. परंतु यंत्रामागे उरणारे काम प्रथम त्यांच्याच अंगावर येत असल्याने त्याचे मोजमापही त्यांनाच आधी कळते. व्यवस्थापनाच्या हिशेबवहीत मात्र या कामासाठी रकानाच नसतो. सेवा-यंत्रमानवांच्या अभ्यासकाने यंत्राची क्षमता मोजण्यापूर्वी हा रकाना भरावा, हे इष्ट होय.