संशोधकाचा चरितार्थ कोणाच्या पैशावर?

तंत्रशिक्षणसंस्थेत पीएच.डी.साठी प्रवेश मिळाला म्हणजे चरितार्थाचीही सोय झाली, असा समज आपल्याकडे सर्रास आढळतो. कारकुनाच्या वा शेतकऱ्याच्या घरातील विद्यार्थ्याला या समजाची किंमत मोजावी लागते. पंचविशीत जो मिळवता व्हायचा, तो आणखी पाच वर्षे शिकणार असेल, तर त्या वर्षांचा खर्च कोण करणार, हा प्रश्न प्रवेशापूर्वीच विचारला गेला पाहिजे.

१९५८ साली स्थापन झालेल्या पवईच्या आय.आय.टी.चे उदाहरण घ्यावे. तेथे पीएच.डी.चे मार्ग अनेक आहेत. पहिला अध्यापन-साहाय्यकाचा. संस्था विद्यावेतन देते व मोबदल्यात प्रयोगशाळेत आणि वर्गात काही तास काम घेते. अभियांत्रिकी शाखांत त्यासाठी बहुधा 'गेट' परीक्षेचे गुण पाहिले जातात. दुसरा मार्ग सी.एस.आय.आर. वा यू.जी.सी.ची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळवून येणाऱ्यांचा. तिसरा संशोधन-साहाय्यकाचा. येथे पैसा प्राध्यापकांनी बाहेरून मिळवलेल्या प्रकल्प-अनुदानातून येतो. याखेरीज स्वखर्चाने येणारे व नोकरी सांभाळून येणारेही असतात.

पदवी सर्वांची एकच असली, तरी आधार सारखा नसतो. यू.जी.सी.ची कनिष्ठ शिष्यवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये व पुढे ४२,००० रुपये आहे. तिची एकूण मुदत पाच वर्षांची असते. हा पैसा विद्यार्थ्याच्या नावावर असल्याने मार्गदर्शक निवडताना त्याचा हात वर राहतो. प्रकल्पाची मुदत मात्र पुष्कळदा तीनच वर्षांची असते, आणि प्रबंध पुरा होण्यास बहुधा पाच वर्षे लागतात. मधल्या दोन वर्षांचे काय, याचा खुलासा आधी झाला नाही, तर हुशार विद्यार्थीही अर्ध्या वाटेवर नोकरी शोधू लागतो.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे, तर येथे पैशाच्या टंचाईइतकीच माहितीची विषमताही जाचक ठरते. पवईच्या वसतिगृहात जे सहज कानावर पडते, ते लातूर वा गडचिरोलीच्या विद्यार्थ्याला माहितीपुस्तिकेतील इंग्रजी आद्याक्षरांतून उलगडावे लागते. अशा संस्थेत अर्थशास्त्रातही पीएच.डी. करता येते, हे तर पुष्कळांच्या गावीही नसते.

जर्मनीतील तांत्रिक विद्यापीठांत पीएच.डी.चा संशोधक अनेकदा करारावरील कर्मचारी असतो. तेथील जाहिरातीत वेतनश्रेणी, पूर्णवेळाच्या तुलनेत कामाचे प्रमाण व कराराची मुदत दिलेली असते. तिथलीही नोकरी मुदतीचीच. पण अटी आधी कळतात. एवढी स्पष्टता आपल्याला आणता येण्यास नवे अनुदान लागत नाही. प्रत्येक जागेपुढे पैसा कोणाचा, किती, किती काळ आणि तो संपल्यास पर्याय कोणता, या चार गोष्टी साध्या भाषेत छापाव्यात. महाविद्यालयीन शिक्षकांनीही पदव्युत्तर वर्गातच 'नेट' व 'गेट'चा हा उपयोग समजावून द्यावा.

संशोधनाला बुद्धी लागते, तसा दरमहा घरखर्चही लागतो. तो कोठून येणार, हे मुलाखतीत विचारण्यात विद्यार्थ्याला कमीपणा नाही. उत्तर मोघम ठेवणे मात्र संस्थेला शोभणारे नाही.