परसातील पाखरांचे चैत्र-वैशाखातील चारापाणी

फाल्गुन सरून चैत्र लागला, म्हणजे उमरखेडच्या आसपासची कोरडवाहू शेते ओस पडतात. गहू-हरभरा घरी आलेला असतो, पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर रचलेली असते, आणि पैनगंगेला मिळणारे लहानसहान नाले आटून त्यांच्या पात्रांत नुसती वाळू उरते. बंदी भागातील रानात पळस व सावर फुलतात खरे, परंतु तो बहरही ह्या सुमारास ओसरू लागतो. ऐन ह्याच दिवसांत चिमणी, साळुंकी, बुलबुल, दयाळ इत्यादी पुष्कळ पाखरांच्या विणीचा हंगाम असतो. म्हणजे ज्या वेळी पाखरांच्या घरी खाणारी तोंडे वाढतात, त्याच वेळी रानातील चारापाणी घटते. सबब पाखरे गावाकडे आणि परसाकडे वळतात. त्यांस तेथे काय द्यावे, काय मुळीच देऊ नये, व दिल्याने कास्तकाराचा लाभ कोणता, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे.

पाखरू कास्तकाराच्या कोणत्या कामाचे?

पाखरे म्हणजे दाण्याचे चोर, असा आपल्यांतील पुष्कळांचा समज आहे, व तो अगदीच निराधार म्हणता यावयाचा नाही. ज्वारी हुरड्यावर आली, की पोपटांचे व भोरड्यांचे थवे कणसांवर उतरतात आणि माळ्यावर उभे राहून गोफण फिरविल्यावाचून गत्यंतर उरत नाही. परंतु पाखरांचा हिशेब एका महिन्यावरून करणे योग्य नव्हे. हीच भोरडी उन्हाळ्याच्या आरंभी मध्य आशियाकडे परत जाते आणि तेथे पिले वाढविताना टोळांचा फडशा पाडते. सालदाराचे काम जसे आपण बारा महिन्यांचे पाहतो, तसेच पाखरांचेही पाहिले पाहिजे.

हा हिशेब आपल्या देशात फार पूर्वी मांडला गेला आहे. बिहारातील पुसा येथे सरकारी शेतकी संशोधनसंस्था होती. तेथील मेसन ह्यांनी निरनिराळ्या पाखरांच्या पोटांत सापडलेल्या पदार्थांची तपासणी केली, आणि तो वृत्तान्त मॅक्सवेल-लेफ्रॉय ह्यांच्या संपादनाखाली १९१२ साली प्रसिद्ध झाला. कोणते पाखरू किती दाणे खाते, किती किडे खाते, व त्या किड्यांपैकी पिकास घातक कोणते, अशी ती छाननी होती. कोणत्याही पाखरास नुसते ऐकीव गोष्टीवरून शत्रू किंवा मित्र ठरवू नये, हाच तिचा बोध.

चिमणीचेच उदाहरण घ्या. मोठी चिमणी मुख्यत्वे दाण्यावर जगते. परंतु अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिलांस ती दाणा भरवीत नाही. पहिले काही दिवस त्यांस अळ्या, मावा व मऊ किडेच लागतात. बुलबुल एरवी फळे खातो, तोही पिलांस किडे भरवितो. साळुंकी नांगरामागून चालत हुमणी व नाकतोडे टिपते. गायबगळे गुरांच्या पायांशी उडणारे कीटक पकडतात. कोतवाल उंच जागी बसून उडते किडे झेलतो. चास, म्हणजे नीलकंठ, तारेवरून झेप घेऊन नाकतोडे उचलतो. सातभाईंचा थवा झाडाखालचा पालापाचोळा उलथून किडे शोधतो, व सायंकाळी निघणारा पिंगळा किड्यांबरोबर लहान उंदरांचाही समाचार घेतो. चैत्रात आपल्या परसात ज्या पाखरांचा संसार उभा राहतो, तीच पाखरे मृगानंतर आपल्या शेतात राबतात.

पाखरे नाहीशी केल्याने काय होते, ह्याचा धडा चीन देशाने घेतला आहे. १९५८ साली तेथील सरकारने उंदीर, माशा व डास ह्यांच्या जोडीला चिमण्यांसही शत्रू ठरवून देशभर त्यांचा संहार मांडिला. पिकांवरील किडीस आवर घालणारे पाखरू नाहीसे झाले, कीड वाढली, आणि १९६० साली चिमणीचे नाव त्या यादीतून काढावे लागले. त्या काळी तेथे पडलेल्या भीषण दुष्काळास इतर कारणे मोठी होती हे खरे. परंतु त्या विपत्तीत ह्या अविचाराने भर घातली.

प्रथम पाणी, मग दाणा

पाखरांस चारा घालावयाचा म्हटले, की मूठभर दाणे अंगणात फेकले म्हणजे झाले, असे पुष्कळांस वाटते. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात चैत्र-वैशाखात पारा ४० अंशांच्या वर सहज चढतो. अशा दिवसांत दाण्याहून पाण्याची गरज मोठी. दाणा नसला तर पाखरू दुसरीकडे शोधील. पाणी नसले तर दुपार निभावणे त्यास कठीण जाते.

पाण्यासाठी कुंभाराकडील मातीचे पसरट परळ सर्वांत उत्तम. लोखंडी किंवा पितळी भांडे उन्हात तापते, प्लास्टिकचे भांडे गुळगुळीत असल्याने पाखराचा पाय घसरतो. परळातील पाणी दोन इंचांहून खोल नसावे, व मध्ये एक चपटा दगड ठेवावा, म्हणजे लहान पाखरू त्यावर बसून पिऊ शकते आणि मधमाश्याही बुडत नाहीत. परळ झाडाच्या सावलीत, परंतु जमिनीपासून चार फूट उंच कट्ट्यावर किंवा शिंक्यात ठेवावे. अगदी दाट झुडपालगत ठेवल्यास मांजर दबा धरून बसते, हे विसरू नये. पाणी रोज सकाळी ओतून परळ काथ्याने घासून पुन्हा भरावे. साचलेल्या पाण्यात सुमारे आठवड्याभरात डासांची पैदास होते. पाखरांच्या निमित्ताने घरात हिवताप किंवा डेंग्यू आणणे कोणासही परवडणार नाही.

दाण्याविषयी सांगावयाचे, तर ज्वारी, बाजरी व तांदळाची कणी हे पदार्थ पुरेसे आहेत. गेल्या काही दशकांत विदर्भात ज्वारीचा पेरा पुष्कळ घटून तिच्या जागी सोयाबीन व कापूस आला. खळ्यावर सांडणाऱ्या दाण्यावर पोसणाऱ्या चिमण्यांस त्यामुळे घरचा घास उरला नाही. ज्यांच्याकडे थोडीबहुत ज्वारी होते, त्यांनी चांगली भरलेली दहापाच कणसे निवडून त्यांचा झुबका ओसरीच्या आढ्यास टांगावा. टांगलेल्या कणसावर चिमण्या लीलेने लोंबकळतात, परंतु कबुतरासारख्या जड पाखरास तेथे बसता येत नाही.

हा भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. एकाच जागी ढीगभर दाणा ओतल्याने कबुतरांचीच संख्या वाढते व लहान पाखरे हुसकली जातात. मुंबईत कबुतरखान्यांचा प्रश्न विष्ठेच्या व आरोग्याच्या कारणाने २०२५ साली उच्च न्यायालयापर्यंत गेला. म्हणून दाणा मूठभरच, सकाळी आणि दिवस कलल्यावर, पातळ पसरून घालावा. तो रात्रीपर्यंत पडून राहिल्यास उंदीर येतात. उरलेला झाडून घ्यावा. दाणा टाकण्याची जागा दर आठवड्यास बदलावी, कारण विष्ठेत मिसळलेल्या दाण्यातून पाखरांत रोग पसरतो.

बुरशी धरलेला दाणा, खारट शेव-चिवडा, तेलकट पदार्थ व दूध पाखरांस घालू नये. जे धान्य कुबट वासामुळे आपण गुरांस घालणार नाही, ते पाखरांसही घालू नये. फळे खाणाऱ्या पाखरांसाठी पिकून उतरलेली पपई किंवा केळे कापून फांदीस खोचावे.

घरटी व झाडे

पूर्वीच्या माळवदाच्या व कौलारू घरांत भिंतीस कोनाडे, आढ्यास फटी असत, व चिमणी तेथे विनातक्रार संसार करी. सिमेंटच्या घरांत ती सोय नाही. गावच्या सुताराकडून जुन्या फळ्यांची पेटी करून घेतल्यास ही उणीव भरून निघते. पेटीचा तळ आतून सहा इंच लांब व सहा इंच रुंद, उंची आठ-नऊ इंच, व दाराचे भोक सव्वा इंच व्यासाचे असावे. भोक ह्याहून मोठे ठेवल्यास साळुंकी पेटी बळकावते. पेटी आठ-दहा फूट उंचीवर, मांजर पोहोचणार नाही अशा भिंतीस, पश्चिमेचे ऊन न लागेल अशी ठोकावी. टिनपत्र्याच्या लगत खाली ती कधीही लावू नये. दुपारी तेथे भट्टी होते आणि पिले होरपळून मरतात. ज्या खोलीत छताचा पंखा फिरतो, तेथेही घरटे होऊ देऊ नये. परसात थोडे वाळलेले गवत व कापसाचा पिंजर ठेवावा. मात्र पोत्यांचे प्लास्टिकचे धागे उचलून टाकावेत, कारण ते पिलांच्या पायांस गुरफटतात.

पेटी पुष्कळ पाखरांस चालत नाही. त्यांस झाडच पाहिजे. शिंपी रुंद पाने शिवून घरटे करतो, बुलबुल दाट झुडपात, तर तांबट वाळक्या फांदीस भोक पाडून. सबब परसातील प्रत्येक वाळकी फांदी छाटण्याची घाई करू नये, व कुंपणास नुसती तार न ठोकता मेंदीसारखी दाट वई करावी. पेरू, तुती, शेवगा, डाळिंब ही झाडे घरास फळ देतात व पाखरांसही. धुऱ्यावर एखादे उंबर, बोर किंवा कडुनिंब राखल्यास वर्षाचा निरनिराळा काळ भागतो. झाडाखालचा पालापाचोळा जाळू नये. एका कोपऱ्यात कुजू द्यावा, त्यातील किड्यांवर दयाळ व सातभाई पोसतात, आणि खतही होते.

पिंजऱ्यात पोपट ठेवणे म्हणजे पाखरांस आश्रय देणे नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये तो गुन्हा आहे.

परसात विष येऊ देऊ नका

आता आम्ही ह्या लेखातील मुख्य मुद्द्याकडे येतो. चैत्रात घराची साफसफाई होते आणि गेल्या हंगामातील उरलेली बियाण्याची पाकिटे कोनाड्यातून निघतात. कपाशीचे बियाणे तांबड्या किंवा निळ्या रंगाचे औषध चोळूनच विक्रीस येते. सोयाबीनलाही आपण घरी औषध लावितो. असे बियाणे उकिरड्यावर फेकले, की कोंबड्या व पाखरे ते टिपतात आणि मरतात. रंगीत बियाणे कोणत्याही कारणाने पाखरांपुढे किंवा गुरांपुढे पडू देऊ नये. ते विहिरीपासून व नाल्यापासून दूर, खोल खड्ड्यात पुरावे. उंदरांसाठी केलेले विषारी आमिषही उघड्यावर ठेवू नये. फवारणीचा पंप गुरांच्या हौदावर किंवा नाल्याच्या डबक्यात धुऊ नये. उन्हाळ्यात तेच डबके दहा पाखरांचे पाणवठे असते.

विषाची साखळी कशी चालते, हे अर्जेंटिना देशात १९९५-९६ च्या सुमारास दिसून आले. तेथील शेतांत नाकतोड्यांवर मोनोक्रोटोफॉस फवारले असता, ते नाकतोडे खाऊन उत्तर अमेरिकेतून आलेले हजारो ससाणे शेतांतच मरून पडले. हेच औषध आपल्याकडे कापसावर सर्रास वापरात होते. २०२३ साली केंद्र सरकारने त्याच्या ३६ टक्के द्रावणावर बंदीचा हुकूम काढिला. पाखरांची गोष्ट दूरच राहो. २०१७ च्या खरिपात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयांत गेले. जे विष कर्त्या पुरुषास लोळविते, ते तोळाभर वजनाच्या पाखराची गय करील, ही आशा व्यर्थ होय. उलट, ज्या परसात अचानक पाखरे मरून पडू लागतात, तेथे घरच्या मुलांसही तेच विष पोहोचत आहे असे समजून कारण शोधले पाहिजे.

म्हणून निदान परसातील वांगी, भेंडी, टोमॅटो ह्यांवर तरी विषारी औषध फवारू नये. पाच किलो निंबोळीची भुकटी रात्रभर भिजवून, गाळून, शंभर लिटर पाण्यात केलेला अर्क बऱ्याच किडींस पुरतो. ज्या दांपत्यास पिलांसाठी सकाळ-संध्याकाळ अळ्या हव्या आहेत, ते उरलेल्या अळ्या स्वतःच वेचते.

मर्यादा

पाखरे आली म्हणजे कीड संपली, असा अर्थ कोणी करू नये. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत दडून राहते. तेथे पाखराची चोच पोहोचत नाही. तिच्यासाठी कामगंध सापळे, फरदड न घेणे व पऱ्हाटीचा वेळीच नायनाट हेच उपाय. परंतु हरभऱ्यावरील घाटेअळी, सोयाबीनवरील पाने खाणाऱ्या अळ्या व नाकतोडे ह्या उघड्यावरील किडीस पाखरे चांगलाच आवर घालतात. म्हणूनच एकरी २० च्या सुमारास इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचे पक्षीथांबे शेतात रोवावेत, अशी शेतकी तज्ज्ञांची शिफारस आहे. परंतु थांबा रोवून पाखरू निर्माण होत नाही. ते आधी कोठेतरी जगले, वाढले पाहिजे. आणि ते कोठेतरी म्हणजे आपले परस.

ह्या सर्वास खर्च किती? एक परळ, दहापाच कणसे, जुन्या फळ्यांची एक पेटी, व घरातील मुलांकडे सोपविलेले रोजचे एक काम. गुढीपाडव्यास परळ टांगावे आणि मृगाचा पाऊस पडून नाले वाहते होईपर्यंत ते एकही दिवस कोरडे पडू देऊ नये. पाण्याची सवय लावून मध्येच बंद करणे हे न देण्याहून वाईट. कोणती पाखरे आली, कोणी घरटे केले व किती पिले उडाली, ह्याची नोंद मुलांकडून वहीत ठेववावी. ज्या वाचकांकडे अशी नोंद होईल, त्यांनी ती दिवाळीपूर्वी आमच्याकडे धाडावी. शेतातील अळीच्या अनुभवासह ती मिळाल्यास पुढील अंकी तिचा सारांश देता येईल.