अडकलेली मोटर का जळते? गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘मोटर फिरत नाही, म्हणजे तिच्यावर भार नाही’ हा रोबो बनवणाऱ्यांना सर्वांत महागात पडणारा गैरसमज. फिरणारी डीसी मोटर स्वतःच उलटा विद्युतदाब निर्माण करते आणि तोच प्रवाहाला आवर घालतो. शाफ्ट अडकला की हा दाब शून्य होतो. मग प्रवाहाला अडवायला उरतो फक्त वाइंडिंगचा रोध. यांत्रिक काम काहीच होत नसल्याने आत शिरलेल्या सगळ्या विजेची उष्णता होते. फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन या अमेरिकेत सुरू झालेल्या विद्यार्थी स्पर्धेत वापरली जाणारी ‘७७५प्रो’ मोटर १२ व्होल्टवर अडकली, तर सुमारे १३४ अँपिअर प्रवाह घेते. म्हणजे १६०० वॉट उष्णता, तीही मुठीत मावणाऱ्या मोटरीत.

वॉट सारखे म्हणजे दमही सारखा, असेही नाही. त्याच स्पर्धेतली जुनी ‘सिम’ मोटर जवळजवळ ७७५प्रोएवढीच, म्हणजे कमाल ३४० वॉटच्या आसपास यांत्रिक शक्ती देते. पण तिचे वजन सव्वा किलो, ७७५प्रोच्या तिपटीहून जास्त. एवढे तांबे-लोखंड तापायला वेळ लागतो. ७७५प्रोचा पंखा शाफ्टवरच बसवलेला असतो. मोटर अडकली की तोही थांबतो आणि पूर्ण दाबावर काही सेकंदांतच धूर निघतो.

‘ब्रेकर आहे, काळजी नाही’ हा भरवसा तर फारच फसवा. ब्रेकर असतो बॅटरी आणि मोटरीचा दाब ठरवणारा कंट्रोलर यांच्यामध्ये. कंट्रोलर ५० टक्क्यांवर असेल, तर अडकलेल्या ७७५प्रोच्या वाइंडिंगमधून सुमारे ६७ अँपिअर वाहतात, पण बॅटरीकडून येतात जेमतेम ३४. ४० अँपिअरचा ब्रेकर पडतच नाही आणि आत ४०० वॉट उष्णता साठत राहते. मोटर वाचवायची, तर वाइंडिंगमधल्या प्रवाहावरच मर्यादा घालावी लागते.

वरून हात लावून अंदाज घेणेही बेभरवशाचे. आधी वाइंडिंग तापते, कवच मागाहून. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. त्यामुळे त्याच दाबावर गरम मोटरीचा टॉर्क कमी पडतो, आणि तो भरून काढायला प्रवाह वाढवला की उष्णता आणखी वाढते.

वजन उचलून स्थिर धरणारी मोटरही एक प्रकारे अडकलेलीच; पण त्यासाठी मोठी मोटर हाच एक उपाय नव्हे. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून गिअरचे गुणोत्तर दुप्पट केले, तर तेच वजन निम्म्या प्रवाहात पेलते आणि उष्णता चौथाईवर येते. वेग मात्र निम्मा होतो. बराच वेळ धरायचे असेल, तर रॅचेट किंवा यांत्रिक ब्रेक लावून मोटरीचा पुरवठा बंदच करावा.