जीव ही अनामत



मुंबईत हार्बर मार्गावर डॉकयार्ड रोड नावाचे स्टेशन आहे. तेथून पाच-सात मिनिटांच्या वाटेवर, माझगावात, आमची चाळ आहे. चाळीत रत्नागिरीकडची कोकणी मुसलमान कुटुंबे आहेत, साताऱ्याकडची मराठा मंडळी आहेत, दोनचार ख्रिस्ती घरेही आहेत. काही वर्षांपूर्वी आमच्या मजल्यावरचा एक तरुण, गोदीत फिटरचे काम करणारा, हळूहळू बोलेनासा झाला. आधी झोप गेली, मग अन्नावरची वासना गेली. एके दिवशी तो डबा घेऊन घरून निघाला आणि संध्याकाळपर्यंत स्टेशनच्या बाकावर बसून राहिला. गाड्या येत होत्या, जात होत्या. आईने जाऊन हाताला धरून घरी आणला, तेव्हा डबा तसाच भरलेला होता.

चाळ म्हटली की सल्ला फुकट मिळतो. एकजण म्हणाला, नमाज चुकवतो, ईमान ढिले झाले आहे. दुसरा म्हणाला, बाहेरची बाधा आहे, ताईत बांधा. तिसऱ्याचे म्हणणे असे की, काही नाही हो, आळस आहे. त्या माउलीने कोणाचे ऐकावे? शेवटी बोटीवरची नोकरी करून निवृत्त झालेले एक चाचा पुढे आले आणि म्हणाले, “बाय, पायात काटा रुतला तर आपण ईमान तपासत बसत नाही, काटा काढतो. पोराच्या जिवात काटा रुतलाय. चल, डाक्तरकडे जाऊ. दुवा वाटेत करू.”

“दुवा वाटेत करू” हे शब्द माझ्या मनात राहिले. मी काही मौलवी नव्हे, कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारा एक मास्तर आहे. पण पुढे वाचन करताना माझ्या ध्यानात आले की, चाचा सहज बोलून गेले त्यामागे हजार-अकराशे वर्षांचा विचार उभा आहे. तोच आज आपल्यापुढे थोडक्यात मांडावयाचा आहे.

हा विचार आपणांस वाटतो तितका परका नाही. कोणी आजारी पडला की आपण काय म्हणतो? “फिकीर करू नका, सबूर धरा, तब्येतीला जपा, इलाज होईल.” या वाक्यातील फिकीर, सबूर, तब्येत आणि इलाज हे चारही शब्द मूळचे अरबी, फारसीच्या वाटेने मराठीत येऊन घरचे झालेले. गंमत अशी की, अरबीत ‘फिक्र’ म्हणजे नुसता विचार. मराठीत पोहोचेपर्यंत विचाराची काळजी झाली! माणसाचेही पुष्कळदा असेच होते, नव्हे काय?

आता मूळ गोष्टीकडे वळू. माणसाच्या आत जे आहे त्यासाठी इस्लामी विचारात तीन शब्द मुख्य आहेत: रूह, नफ्स आणि कल्ब.

रूह म्हणजे ईश्वराने माणसात फुंकलेला प्राण. तिच्याविषयी कुराण फार थोडे सांगते. ती परमेश्वराच्या आज्ञेतली गोष्ट आहे आणि तिचे ज्ञान माणसाला अल्पच दिले आहे, एवढाच त्याचा आशय. तेव्हा रूह ही आपल्या मालकीची वस्तू नव्हे, ती अनामत आहे. हा ‘अनामत’ शब्दही अरबी ‘अमानत’चाच मराठी अवतार. कोणी विश्वासाने आपल्याकडे ठेव ठेवली तर ती आपण मोडत नाही, टाकत नाही, जपून ठेवतो. जिवाचेही तसेच. आत्महत्या इस्लामला निषिद्ध आहे ती याच कारणाने. पण अनामतीची दुसरी बाजू आपण विसरतो. ठेव जपायची असेल तर तिला कसर लागली आहे की काय हेही वेळच्या वेळी पाहावे लागते.

दुसरा शब्द नफ्स, म्हणजे आपला ‘मी’. कुराणात त्याच्या तीन अवस्था येतात. एक, वाईटाकडे ओढणारा. दुसरी, चुकल्यावर स्वतःलाच बोल लावणारा. तिसरी, शांत झालेला, समाधान पावलेला. ही तीन वेगवेगळी माणसे नव्हेत, एकाच माणसाच्या वाटेवरचे हे तीन टप्पे. शेतकरी बंधूंना हे सांगायला नको. नवा खोंड आधी जू झुगारतो, मग चुकतमाकत चालतो आणि एके दिवशी कासरा ढिला सोडला तरी तास सोडत नाही. म्हणून नफ्स मारून टाकायचा नसतो, त्याला वळण लावायचे असते. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी सतराव्या शतकात मराठी ओवीत ग्रंथ लिहिला, त्याचे नाव ‘योगसंग्राम’. हा संग्राम बाहेरच्या शत्रूशी नव्हे, आतल्या विकारांशी आहे. सूफी घराण्यातील हा संत वारकऱ्यांनाही आपला वाटला, कारण मनाशी झगडणे दोघांच्याही परिचयाचे होते.

तिसरा शब्द कल्ब, म्हणजे हृदय. या शब्दाच्या धातूचा अर्थ आहे उलटणे, पालटणे. ‘इन्किलाब’ हा आपण घोषणेत ऐकलेला शब्द त्याच धातूपासून झाला आहे. हृदय हे सतत पालटणारे आहे, हे नाव ठेवणाऱ्यांनीच ओळखले होते. ईश्वराच्या स्मरणाने हृदये निवतात, असे कुराण सांगते. नमाज, जप, रोजा यांचा उपयोग या चंचल हृदयाला ठाव मिळावा म्हणून. आपल्याकडे हरिपाठाला बसणाऱ्या माणसाला हे वेगळे समजावून द्यावे लागणार नाही.

येथवर सारे ठीक आहे. घोटाळा पुढे होतो. नफ्सला वळण लावायचे, हे ऐकून लोक काय करतात? ज्याचे मन आजारी पडले त्यालाही म्हणतात, “तुझा नफ्स बळावला आहे, तू कमकुवत आहेस.” अहो, बैल आडमुठा असणे वेगळे आणि बैल आजारी असणे वेगळे! आडमुठ्या बैलाला शिकवायचे असते, आजारी बैलाला गुरांच्या डॉक्टरकडे न्यायचे असते. तापाने बसलेल्या जनावराला पराणी टोचणाऱ्याला आपण शहाणा शेतकरी म्हणू काय?

हा भेद जुन्या मुसलमान पंडितांना चांगला ठाऊक होता. अबू झैद अल्-बल्खी या विद्वानाचा काळ इसवी सन ८५० ते ९३४ च्या सुमाराचा. आजच्या अफगाणिस्तानातील बल्ख प्रांतातला हा माणूस, वडील शाळामास्तर. त्यांनी शरीर आणि नफ्स या दोहोंच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे असे की, माणूस या दोहोंचा मिळून बनलेला आहे. एकाला दुखले की दुसऱ्याला कळ लागते. राग, भय, दुःख आणि मनात पुन्हा पुन्हा घोळणारे नकोसे विचार, अशा चार त्रासांचा त्यांनी वेगवेगळा विचार केला. दुःखाचेही त्यांनी दोन प्रकार केले. एक, ज्याचे कारण माहीत आहे ते, जसे जवळचे माणूस जाणे किंवा धन बुडणे. दुसरे, ज्याचे कारण सापडत नाही ते. या दुसऱ्या प्रकारात शरीराच्या बाजूनेही उपचार करावा, असे ते सांगतात. आणखी एक व्यवहाराची गोष्ट ते सांगतात. घरात जसे आपण औषध आधीच आणून ठेवतो, तसे मन स्वस्थ असताना धीराचे विचार जवळ करून ठेवावेत. पाऊस सुरू झाल्यावर घर शाकारता येत नाही, असेच म्हणा ना!

शिक्षक बंधुभगिनींना दुसरे एक उदाहरण सांगतो. इमाम गझाली (सुमारे १०५८ ते ११११) हे बगदादच्या निजामिया विद्यापीठातले नामांकित आचार्य. स्वतःच लिहून ठेवल्याप्रमाणे तीनशे विद्यार्थी त्यांच्यापुढे बसत. १०९५ साली एके दिवशी वर्गात त्यांची जीभच उचलेना. अन्न गिळेना, पाणी उतरेना. वैद्य आले, त्यांनी तपासले आणि सांगितले की, आजार हृदयातून सुरू होऊन शरीरात उतरला आहे. तेथली चिंता हलकी झाल्यावाचून गुण येणार नाही. गझालींनी मोठी जागा सोडली, बगदाद सोडले, दमास्कस आणि जेरुसलेम येथे राहिले, हजला गेले. पुढे त्यांचे जे महान ग्रंथ झाले ते या आजाराच्या अनुभवानंतरचे. ज्याच्या ईमानाविषयी कोणी शंका घेणार नाही असा हा धर्मपंडित, पण त्याने आपला आजार लपवला नाही. आपल्या आत्मकथेत स्वच्छ लिहून ठेवला.

मग सबूर म्हणजे काय? सबूर म्हणजे तोंड दाबून सोसणे, असा एक गैरसमज आहे. पैगंबरांच्या पत्नी खदीजा आणि चुलते अबू तालिब हे दोघेही ६१९ च्या सुमारास वारले. त्या वर्षाला मुसलमानी परंपरेत ‘दुःखाचे वर्ष’ असेच नाव आहे. धाकटा मुलगा इब्राहीम गेला तेव्हा पैगंबरांच्या डोळ्यांत पाणी आले आणि ते त्यांनी लपवले नाही. कुराणात याकूब पैगंबर मुलाच्या विरहाने रडून रडून दृष्टी गमावतात. तरी त्यांना कोणी सबूर नसलेला म्हणत नाही. आणि औषध घ्यावे, प्रत्येक आजाराला ईश्वराने इलाज ठेवला आहे, हीही पैगंबरांचीच शिकवण म्हणून सांगितली जाते. तेव्हा रडणे हे सबुरीच्या आड येत नाही आणि औषध दुव्याच्या आड येत नाही.

हे विसरल्याने काय होते, तेही सांगणे भाग आहे. तामिळनाडूत एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरात मनोरुग्णांना ठेवणाऱ्या खाजगी जागा होत्या. ६ ऑगस्ट २००१ रोजी तेथल्या एका जागेला आग लागली. रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. २८ जणांचा प्राण गेला. पळायला पाय होते, पण पाय मोकळे नव्हते. उलट गुजरातेत उनावा येथे मीरा दातार दर्ग्यात २००८ साली ‘दवा आणि दुवा’ अशी योजना सुरू झाली. दर्ग्याचे मुजावर आलेल्या माणसाला दुवा देतात आणि तेथेच बसणाऱ्या डॉक्टरांकडेही पाठवतात. श्रद्धा तीच, पण एका ठिकाणी साखळी आणि दुसऱ्या ठिकाणी औषधाची चिठ्ठी.

आता कायदाही स्पष्ट आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून लागू झाला. त्याप्रमाणे मनोरुग्णाला साखळीने बांधणे हा मार्गच बंद झाला आहे. आपल्या राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे सरकारी मनोरुग्णालये आहेत. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर, टेलिमानस नावाची फुकट सेवा आहे. तेथे फोन करून मनातले बोलता येते. गावातल्या मशिदीत, देवळात, शाळेच्या फळ्यावर हा आकडा लिहून ठेवला तर काय बिघडेल?

शिक्षकांना एवढीच विनंती की, वर्गात एखादे पोर गप्प झाले, डबा न खाता घरी नेऊ लागले, तर त्याला आळशी म्हणण्यापूर्वी जवळ बसवून विचारावे. आणि घरच्यांनी “लोक काय म्हणतील” याची फिकीर थोडी कमी करावी.

आमच्या चाळीतला तो फिटर आज कामावर जातो. गोळ्या अजून चालू आहेत, शुक्रवारची नमाजही चालू आहे. मधूनच एखादा दिवस वाईट जातो, नाही असे नाही. तशा दिवशी आई त्याला काही विचारीत नाही. संध्याकाळी डबा तेवढा उघडून पाहते.