अदृश्य माणसाचा मालक कोण?

आमचें पिंपळगांव रेणुकाई हें भोकरदन तालुक्यांतलें गांव. परगांवच्या माणसाला तें ठाऊक असलेंच तर मिरचीच्या बाजारामुळें. अशा गांवच्या एका निवृत्त शाळामास्तरानें चित्रपटांतील पात्रांच्या मालकीवर भाषण करावें, हें आपणांस चमत्कारिक वाटेल. पण त्याला कारण घडलें. माझा एक जुना विद्यार्थी बाजारांत दप्तरें, पाण्याच्या बाटल्या आणि खेळणीं विकतो. मागें एका जूनमध्यें, शाळा उघडण्याच्या तोंडावर, दोन अनोळखी गृहस्थ त्याच्या दुकानांत शिरले. दप्तरांवरचीं चित्रें दाखवून म्हणाले, "हीं पात्रें आमच्या कंपनीचीं आहेत. माल जप्त होईल. नाहीं तर येथेंच मिटवा." पोर घाबरलें. चार हजार रुपये देऊन त्यानें तें मिटविलें, आणि संध्याकाळीं माझ्या ओट्यावर येऊन विचारलें, "गुरुजी, सिनेमा काढणारा एक, चित्र छापणारा दुसरा, दप्तर शिवणारा तिसरा. मग मी पैसे दिले ते कोणाला?" मला उत्तर देतां आलें नाहीं. तें शोधतांना जें हातीं लागलें तें आज आपणांपुढें ठेवतों.

आपल्या मुंबईंतलेंच उदाहरण घेऊं. १९८७ सालीं 'मिस्टर इंडिया' हा चित्रपट निघाला. मनगटावर एक यंत्र बांधलें कीं मनुष्य दिसेनासा होतो, आणि तांबडा प्रकाश पडला कीं तो पुन्हां दिसतो, ही त्यांतली शास्त्रीय कल्पना. जालन्यास जाऊन मीं तो पाहिला तेव्हां माझी नोकरी नवी होती. पुढें कित्येक महिने वर्गांतलीं पोरें सिगारेटच्या पाकिटांतला चंदेरी कागद मनगटाला गुंडाळून येत, आणि हजेरीच्या वेळीं "मी दिसत नाहीं, गुरुजी" म्हणून गप्प बसत! त्या चंदेरी कागदाचा परवाना कोणीं मागितला नाहीं.

परंतु २०२० च्या फेब्रुवारींत नवा 'मिस्टर इंडिया' तीन भागांत काढण्याची घोषणा झाली. झी स्टुडिओज ही संस्था आणि अली अब्बास झफर हे दिग्दर्शक. लगेच मूळचे दिग्दर्शक शेखर कपूर यांनीं जाहीरपणें तक्रार केली कीं मला कोणीं विचारलें देखील नाहीं. त्यावर मूळ कथा सलीम खान यांच्यासह लिहिणारे जावेद अख्तर यांनीं उलट विचारलें कीं कथा, प्रसंग, संवाद आम्हीं लिहिले असतां दिग्दर्शकाचा हक्क आला कोठून? निर्माते बोनी कपूर तर वेगळेच.

न्याय्य काय, याविषयीं मतें भिन्न असूं शकतील. कायदा मात्र रोखठोक आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. दिग्दर्शकाला त्यांत मालकी नाहीं. लेखकाची स्थिति थोडी बरी. त्याची कथा ही स्वतंत्र कृति असते, आणि ती त्यानें करारानें जेवढी देऊन टाकली तेवढीच जाते. मला स्वतःला दिग्दर्शकावर हा अन्याय वाटतो. पण माझ्या वाटण्यानें कलम बदलत नाहीं.

आणि अदृश्य होण्याची कल्पना? ती कोणाचीच नव्हे. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकानें अदृश्य माणसाची कादंबरी १८९७ सालींच लिहिली. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९७८ मध्यें आर. जी. आनंद यांच्या खटल्यांत हेंच तत्त्व सांगितलें: कल्पनेवर मालकी नाहीं, ती ज्या रूपानें मांडली त्या रूपावर आहे. म्हणून अदृश्य नायक कोणींही लिहावा. मात्र तोच मोगँबो, तेंच घर, तीच कथा घेतली कीं परवानगी आली.

जुन्या चित्रपटाचा असा नवा अवतार निघाला कीं जुने करार पेटींतून बाहेर येतात, आणि भांडण तेथेंच उभें राहतें. तीस वर्षांपूर्वींच्या कागदावर "सर्व हक्क दिले" असें लिहिलेलें असतें. बाहुल्या, दप्तरें, संगणकावरील खेळ यांचा उल्लेखहि नसतो. आपल्या कायद्यांत एक मजेदार कलम आहे. हक्क किती काळासाठीं दिला हें करारांत लिहिलें नसेल तर तो पांचच वर्षांसाठीं धरतात. कोणत्या प्रदेशासाठीं हें लिहिलें नसेल तर हिंदुस्थानापुरताच. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीनें असें ठरविलें कीं कराराच्या वेळीं जें माध्यम अस्तित्वांतच नव्हतें त्याचा हक्क, तसा स्पष्ट उल्लेख नसल्यास, देणाऱ्याकडेच राहतो. या दुरुस्तीसाठीं राज्यसभेंत झटणाऱ्यांत जावेद अख्तर हेच पुढें होते.

मालावरील हक्काची खरी किंमत जगाला कळली ती अमेरिकेंतील 'स्टार वॉर्स' या चित्रपटापासून. त्याचे दिग्दर्शक जॉर्ज लुकस यांनीं वाढीव मेहनताना न मागतां पुढील भागांचे आणि वस्तूंच्या विक्रीचे हक्क स्वतःकडे ठेवून घेतले. कंपनीला त्यांत फारसें कांहीं दिसलें नाहीं! १९७७ सालीं चित्रपट एवढा चालला कीं नाताळापर्यंत खेळणीं तयारच झालीं नाहींत, तेव्हां केनर या कारखान्यानें चक्क रिकामा पुठ्ठा विकला. आंत चिठ्ठी, कीं चार बाहुल्या नव्या वर्षीं घरीं पोंचतील. लोकांनीं तोहि घेतला. २०१२ सालीं लुकस यांनीं आपली संस्था डिस्ने कंपनीला चार अब्ज डॉलरांहून अधिक किंमतीस विकली, आणि २०१५ पासून नवे भाग निघूं लागले.

याच चित्रपटांतील पांढऱ्या शिपायांचीं शिरस्त्राणें इंग्लंडमध्यें अँड्र्यू एन्सवर्थ नांवाच्या कारागिरानें बनविलीं होतीं. पुढें त्यानें तशींच शिरस्त्राणें स्वतः विकावयास काढलीं. लुकस यांच्या संस्थेनें दावा लावला. शिरस्त्राण हें शिल्प मानलें तर दीर्घ मुदतीचा कॉपीराइट, वापराची वस्तु मानली तर तो नाहीं, असा पेंच होता. इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयानें २०११ मध्यें सांगितलें कीं हें शिल्प नव्हे. कारागिराला इंग्लंडांत तें विकतां येईल. मात्र अमेरिकेंतील हक्कभंगाचा दावा इंग्लंडच्या न्यायालयांत चालूं शकतो, हेंहि त्याच निकालांत आलें. आपल्याकडेहि त्याच जातीचा नियम आहे: डिझाइन म्हणून नोंदविण्याजोगी आकृति नोंदविली नाहीं, आणि तिच्या वस्तु कारखान्यांत पन्नासांहून अधिक निघाल्या, कीं त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. निव्वळ कलाकृति म्हणून काढलेल्या मूळ चित्राचा हक्क मात्र त्यानें बुडत नाहीं.

पात्र लोकप्रिय झालें म्हणून त्याच्या नांवावरील प्रत्येक वस्तूवर मालकी येते का? मुंबई उच्च न्यायालयापुढें हा प्रश्न एका धुण्याच्या पावडरीमुळें आला. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' ही मालिका ऐन भरांत असतां टाइडच्या जाहिरातींत तशाच घरांतल्या सासू-सुना दिसल्या, आणि शीर्षकाचीहि उलटापालट केलेली. स्टार वाहिनीनें जाहिरातसंस्थेवर दावा केला. न्यायालयानें मनाई दिली नाहीं. पात्राला मालिकेबाहेर स्वतंत्र नांवलौकिक मिळालेला असला पाहिजे आणि वादीनें त्या नांवावर मालाचा व्यापार केलेला असला पाहिजे, तें येथें सिद्ध झालें नाहीं, असा त्याचा आशय. त्या मालिकेचाहि नवा अवतार २०२५ च्या जुलैंत सुरू झाला. हल्लींच्या कंपन्या म्हणूनच चित्रपटाच्या आधींच नांवें आणि चिन्हें व्यापारचिन्ह म्हणून नोंदवितात. ती नोंद दर दहा वर्षांनीं फिरवून घेतली तर कधींच संपत नाहीं. चित्रपटाचा कॉपीराइट साठ वर्षांनीं तरी संपतो.

आतां माझ्या दुकानदाराकडे येतों. परवान्यावांचून छापलेलीं चित्रें जाणूनबुजून विकणें हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितलेला आहे. २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें कॉपीराइटभंगाचा हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरविला, तेव्हां "मी लहान माणूस" म्हणून चालणार नाहीं. परंतु जप्ती पोलिसांनीं करावयाची, किंवा न्यायालयानें नेमलेल्या माणसानें. खासगी माणसानें गल्ल्यावर उभें राहून नव्हे. पोलिसांतहि कॉपीराइटच्या बाबतींत फौजदाराच्या खालचा अधिकारी चालत नाहीं, आणि व्यापारचिन्हाच्या बाबतींत उपअधीक्षक लागतो, शिवाय त्यानें आधीं निबंधकाचें मत घ्यावयाचें. जप्त माल दंडाधिकाऱ्यापुढें ठेवावा लागतो. त्या दोघांजवळ ना अधिकारपत्र होतें, ना नोंदणीचा आंकडा, ना त्यांनीं पावती दिली. मालकानें परवान्याच्या शुल्काची पावती दिली नाहीं असें होतच नाहीं!

हें सर्व सांगितल्यावर मीं त्याला विचारलें, "दप्तरें घेतलींस त्याचें बिल कोठें आहे?" त्यानें खिशांतून एक चिठ्ठी काढली. तिच्यावर माल, नग आणि रक्कम होती. विकणाराचें नांव नव्हतें. सहाशेंचें दप्तर दोनशांत कसें मिळतें हें तुला कळत नव्हतें का, असें विचारतां तो खालीं पाहूं लागला. यंदा त्याच्या दुकानांत बहुतेक दप्तरें साधीं आहेत, आणि ज्या चार-सहांवर चित्रें आहेत त्यांचीं पक्कीं बिलें त्यानें गल्ल्यांत वेगळीं बांधून ठेविलीं आहेत.